शिमग्यापर्यंत चालू झालं तर

मुळात मी हे काम अंगावर घ्यायलाच नको होतं. सुनीती, म्हणजे माझी बायको, तेव्हाच म्हणाली होती, "अहो, जमतं म्हणून घेताय की कौतुक हवंय म्हणून?" तिचं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या बायकोशी वाद घालण्याइतका मूर्ख मी तेव्हाही नव्हतो. बाकी बाबतीत होतो.

साल २००३. महाडच्या बाजारपेठेत वडिलांच्या किराणा दुकानाच्या माडीवर मी कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. पाच मशिनं, त्यातली चार चालू. त्याआधी चार वर्षं पुण्यात एका कंपनीत होतो. तिथं माझं काम एकच, टेलिफोन एक्स्चेंजच्या कार्डांसाठी कर्नेल बांधायचं. कर्नेल म्हणजे यंत्राचा गाभा. तो असला की यंत्राला कळतं आपल्याला पडदा आहे, कीबोर्ड आहे, स्मरणशक्ती आहे. नसला तर नुसता डबा. मग वडिलांचं अंग लुळं पडलं, मी महाडला आलो, आणि तेव्हापासून माणसांना माऊस कसा धरायचा ते शिकवत होतो. पुण्यात शिकलेलं सगळं गंजत पडलं होतं, आणि त्याचा राग मी सगळ्यांवर थोडाथोडा वाटून काढत होतो.

होळीला बारा दिवस असताना महिपतबाबा माडी चढून आले. ते पोलादपूरच्या वरच्या डोंगरातले, कुडपणच्या अलीकडच्या वाडीतले. दरवर्षी आमच्या दुकानात नाचणी आणि हिरडा घालायचे, पण माडीवर कधी आले नव्हते. चपला खाली जिन्यातच काढल्या आणि खिशातून विड्यांच्या पुड्याचा कागद काढून माझ्यापुढं धरला. त्यावर पेन्सिलीनं एक चौकोन काढला होता आणि चौकोनाच्या मधोमध प्रश्नचिन्ह.

"ह्ये येतंय," ते म्हणाले. "उघडमीट करतंय. कायतरी इचारतंय आमाला, पर काय त्ये कळत नाय."

मी तो कागद बघितला आणि ओळखलं. "बाबा, हा मॅक आहे, छापखान्यांत असतो तसला कॉम्प्युटर. तुमच्याकडे कुठून आला?"

मग गोष्ट कळली. महिपतबाबांचा मुलगा सुनील मुंबईला एका कुरियर कंपनीत. त्याची मुलगी अक्षदा, नऊ वर्षांची, चौथीत. मुंबईची खोली लहान म्हणून ती दोन वर्षांची असताना त्यानं तिला आजी-आजोबांपाशी ठेवली, ती तिथंच वाढली. आता सुनीलनं दिवा स्टेशनपाशी मोठी खोली घेतली होती. त्यानं पोलादपुरात फोन करून निरोप ठेवला की शिमग्याला येतो, जाताना अक्षदाला नेतो. तिथं शाळेत कॉम्प्युटर नाय, काय नाय, पोरीचं नुकसान होतंय.

"मी म्हनलो, कॉम्पुटर आला तर ठेवशील?" महिपतबाबा म्हणाले. "तर म्हनला, शिमग्यापर्यंत चालू झाला तर ठेवतो. म्हनला हाय त्यो तसा."

म्हाताऱ्यानं मग मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचं डोकं खाल्लं. मंडळाचा मुरारी एका छापखान्यात होता. त्या छापखान्यात नवी मशिनं आली तेव्हा जुन्यातलं एक त्यानं गावासाठी मागून घेतलं. छापखान्यानं आतल्या फायली बाहेर जाऊ नयेत म्हणून सगळं पुसून दिलं, अगदी गाभ्यासकट. मशीन वर पोचलं, गावदेवीपुढं ठेवलं, नारळ फुटला, बटण दाबलं आणि देवीसमोर प्रश्नचिन्ह लुकलुकायला लागलं.

"आणा इथं," मी म्हणालो. "बघतो."

"त्येच तर हुत नाय." ते खाली बसले. "एकदा का देवीफुडं ठेवलं, की पालखी परत देवळात बसंपर्यंत वेशीभायेर नेता येत नाय. गुरवानं कौल घेतला. देवी नाय म्हनली."

म्हणजे यंत्र डोंगरावर, मी महाडात. मी वर जाऊन काम करावं तर माझं मशीन वर चाललं नसतं, वरच्या विजेत बल्बची तारसुद्धा लाल होऊन बसते; तेवढ्या कमी दाबावर मॅक चालतो, माझा पीसी नाही. तयार सीडी मिळावी तर महाडात मॅकची सीडी सोडाच, मॅक पाहिलेला माणूस नव्हता. फोनच्या लाइनीवर इंटरनेट होतं, त्यावर एवढं उतरवायला पावसाळा लागला असता. माझ्याकडे एका मासिकाबरोबर आलेली सीडी होती आणि त्यात लिनक्स नावाच्या फुकट प्रणालीच्या कर्नेलचा सोर्स, म्हणजे मूळ मजकूर, होता. सोर्स सगळ्या जातीच्या यंत्रांसाठी चालतो, फक्त बांधून काढावा लागतो. माझ्या पीसीवर बसून, मॅकच्या प्रोसेसरला समजेल अशा भाषेत.

महिपतबाबांना हे समजावून सांगताना मी म्हणालो, "बाबा, मी इथं सैपाक करणार, पण मला चव घेता येणार नाही. मीठ कमी की जास्त ते वर गेल्यावरच कळणार."

ते जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे पोरं वाढवल्यावानी. हितं वाढवायची नि चालायची म्हंबईत."

मी हसलो. आणि हो म्हणालो. पुण्याहून आल्यानंतर पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे माझं काम घेऊन आलं होतं. मला इतका आनंद झाला होता की लाज वाटावी.

आधी कर्नेल बांधणारी हत्यारंच बांधावी लागतात. माझा पीसी मॅकची भाषा बोलत नाही, म्हणून मॅकची भाषा लिहिणारा कंपायलर आधी पीसीवर घडवायचा. त्यात चार दिवस गेले. लोडशेडिंग सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या सहा तासांत जे होईल ते. दोनदा काम अर्ध्यात असताना वीज वेळेआधी गेली आणि मी आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या आईबापांचा उद्धार केला. क्लासची पोरं खाली पाठवून दिली, त्यांना सांगितलं सुट्टी आहे, त्यांना काय, बरंच झालं.

पाचव्या दिवशी कर्नेल तयार झालं आणि एका फ्लॉपीत मावलं. दुसऱ्या फ्लॉपीत मी स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम टाकला. कीबोर्डावर कळ दाबली की पडद्यावर तळहाताएवढं मराठी अक्षर यायचं, क ते ज्ञ, अक्षरांचे ठिपके मीच कागदावर काढलेले. पीसीवर तो झकास चालत होता. महिपतबाबा मुद्दाम खाली आले होते. मी फ्लॉप्या त्यांच्या हातात दिल्या आणि चारदा बजावलं की वाकवू नका, भिजवू नका, उन्हात ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी ते पडलेल्या चेहऱ्यानं परत. "थुंकलं," म्हणाले. "घातली की भायेर थुंकतंय."

मी फ्लॉपी माझ्या मशीनमध्ये घातली. कोरी. दोन्ही कोऱ्या. "बाबा, वाटेत काय केलं?"

"काय नाय ओ. जीपमधी हादरं बसतात म्हनून फडक्यात गुंडाळून मऊ जागेला ठेवल्या. शिमग्याचं पीकर चालले हुते वर, त्येंच्या पेटाऱ्यावर."

लाउडस्पीकरच्या लोहचुंबकावर, दीड तास. मी इतका संतापलो की त्या सत्तरीच्या माणसाला तोंडाला येईल ते बोललो. ते ऐकत उभे राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "आमाला म्हाईत नव्हतं, सर." सुनीतीनं खालून चहा पाठवला तेव्हा कपाच्या बशीत माझ्यासाठी एक चिठ्ठी होती, 'तुम्ही चुंबकाचं सांगितलं होतंत का?' नव्हतं सांगितलं.

म्हणून पुढच्या वेळी मीच गेलो. महाड ते पोलादपूर एसटी, तिथून जीप जाईल तिथपर्यंत जीप, मग चढ. यंत्र सहाणेवर होतं, जिथं पालखी टेकते त्या दगडी चौथऱ्यावर, वर पत्र्याचं छप्पर. त्याला हार घातलेला. भोवती अर्धी वाडी. येसूबाईंनी, म्हणजे महिपतबाबांच्या बायकोनं, मला पाणी दिलं आणि एका काटक, तेल लावून चप्प वेण्या घातलेल्या मुलीला पुढं केलं. "ही आमची अक्षदा. सरांना नमस्कार कर गो."

मी फ्लॉपी घातली. यंत्रानं ती या वेळी थुंकली नाही. घरघर झाली, प्रश्नचिन्ह गेलं, आणि पडदा काळा झाला. तो काळाच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दुसरं काही यंत्र असतं तर कुठं अडलं ते त्यानं एका ओळीत सांगितलं असतं; इथं ओळ उमटण्यासाठी जो पडदा लागतो तोच चालू होत नव्हता. गाभा जिवंत आहे की मेलाय, आत काय चाललंय, काही कळायला मार्ग नाही. मी तिथं हात बांधून उभा. इतकी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हनतंय?" महिपतबाबांनी विचारलं.

"काहीच म्हणत नाही," मी म्हणालो.

तसा खाली आलो. पडद्याच्या कार्डाचं कलम, म्हणजे कर्नेलमधली त्याची नोंद, चुकलं असेल असा अंदाज केला, बदललं, पुन्हा बांधलं, पुन्हा वर. काळा. अंदाज बदलला, पुन्हा बांधायला घेतलं, तर वीज गेली ती दुसऱ्या दिवशी आली. आंधळ्या कोशिंबिरीत डोळ्यांवर पट्टी बांधून कोणीतरी दुसऱ्याच गावात सोडावं तसं माझं झालं होतं. होळीला दोन दिवस उरले. महिपतबाबा रोज पोलादपूरला उतरून मला फोन करत आणि एकच वाक्य बोलत, "सर, आज येनार काय?" त्यात तक्रार नसायची. असती तर बरं वाटलं असतं.

होळीच्या आदल्या दिवशी तिसऱ्यांदा वर गेलो. सुनील तोवर आला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, कमरेला मोबाइल, ज्याला तिथं रेंज नव्हती. माणूस वाईट नव्हता. मला खुर्ची आणून दिली, म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ. नाय झालं तर नाय झालं." हे ऐकून महिपतबाबांनी मान खाली घातली.

मी फ्लॉपी घातली. घरघर. काळा पडदा. आणि मग वरच्या कोपऱ्यात एक पेंग्विन आला.

"बदक!" अक्षदा ओरडली, आणि सगळी वाडी हसली. लिनक्सची खूण असलेल्या त्या पेंग्विनखाली पांढऱ्या ओळी धडाधड पळायला लागल्या. मी रडलो, खोटं कशाला बोलू. दुसरी फ्लॉपी घातली आणि अक्षदाला म्हणालो, "दाब कुठलीही कळ."

तिनं दाबली. पडद्यावर जे आलं ते अक्षर नव्हतं. काड्या होत्या, गाठी होत्या, पण कुठल्याही भाषेतलं अक्षर नव्हतं. माझं तोंड उतरलं. पीसीवर सगळं नीट दिसत होतं. अजून दोनचार कळा दाबून बघितल्या, सगळी तशीच कडबोळी. बायका कुजबुजायला लागल्या की देवीला आवडलं नाही. सुनील घड्याळ बघत होता.

अक्षदा पडद्याच्या अगदी जवळ गेली. मान तिरकी केली. एक तळहात पडद्याच्या डाव्या अर्ध्यावर ठेवला, मग काढून उजव्या अर्ध्यावर ठेवला.

"सर, ह्यो क हाय," ती म्हणाली. "मधून कापलाय नि डावीकडचा तुकडा उजवीकडं ठेवलाय. उजवीकडचा डावीकडं. सगळ्यांचं तसंच केलंय."

पीसी आणि हा मॅक, दोघं एकाच आकड्याचे दोन तुकडे उलट्या क्रमानं ठेवतात. पुण्यात मी ही गोष्ट नवीन आलेल्या इंजिनीअरांना फळ्यावर आकृती काढून शिकवायचो, आणि त्यांतल्या निम्म्यांना ती आठवडाभर कळत नसे. हिनं ती तळहातानं झाकून ओळखली. मी ते सगळ्यांसमोर बोललो. फुगवून बोललो. म्हणालो, "इंजिनीअरला जे कळत नाही ते हिला कळलं. या मुलीचं डोकं काही साधं नाही." हे बोलताना मी महिपतबाबांकडे बघत होतो, त्यांना आनंद व्हावा म्हणून. सुनीलकडे बघायला हवं होतं.

होळीच्या दिवशी सकाळी दुरुस्ती करून चौथ्यांदा वर गेलो. सगळी अक्षरं सरळ आली. ढोल-सनईचा खालू बाजा वाजत होता, पालखी यायची होती, मुंबईहून आलेली माणसं रांग लावून आपापलं पहिलं अक्षर दाबत होती आणि अक्षदा शेजारी उभी राहून कोणती कळ कुठं ते दाखवत होती. येसूबाईंनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. महिपतबाबा सुनीलला म्हणाले, "झाला का नाय चालू? शिमग्याआधी झाला."

"झाला, दादा," सुनील म्हणाला. बापाला तो दादाच म्हणायचा. "पर आता तर तिला न्यायलाच होवी. सर काय म्हनले ऐकलंस ना? असलं डोकं हितं ठेवून वाया घालवू? तिकडं मोठा लॅब असलेली शाळा बघितली मी. जूनपर्यंत थांबलो तर जागा जाईल."

महिपतबाबांनी माझ्याकडे बघितलं. ते नुसतं बघणं होतं, त्यात राग नव्हता. मी म्हणालो, "सुनील, तुम्ही शब्द दिला होतात." तो म्हणाला, "सर, तुमची स्वतःची मुलगी असती तर?" बाप होता तो. सात वर्षं पोरीवाचून राहिला होता.

मी त्या रात्री त्यांच्याकडेच राहिलो. सकाळी सगळे धुळवडीची राख लावायला होळीकडे गेलेले असताना महिपतबाबा मला सहाणेपाशी घेऊन गेले. इकडंतिकडं बघितलं.

"सर, ह्ये बंद पडंल असं कायतरी होतं का?"

मला कळलं नाही. "का बाबा?"

"चालू हाय म्हनून नेतोय. बंद पडलं, तर म्हनंल डोकं-बिकं काय नाय, ते नुसतं झालं हुतं. दोन दिस म्हनंल. मंग त्येचं खूळ जाईल, मंग आपण परत..." ते थांबले. त्यांनाही पुढचं नीट जुळवता येत नव्हतं. सत्तर वर्षांत त्यांनी कधी लबाडी केली नसावी, त्यामुळं ती करायची कशी तेच ठाऊक नव्हतं.

मला माहीत होतं, याचा काही उपयोग नाही. तरी नाही म्हणवेना. मी दोन्ही फ्लॉप्या काढून शर्टाच्या खिशात ठेवल्या. फ्लॉपीवाचून त्या यंत्रात काहीच नव्हतं. बारा दिवसांचं काम सगळं त्या दोन चकत्यांत.

नऊ वाजता सुनीलनं दोस्तांना दाखवायला बटण दाबलं. चौकोन आला, चौकोनात प्रश्नचिन्ह, उघडमीट. तो माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "काहीतरी बिघडलंय."

सुनीलनं बटण पुन्हा एकदा दाबलं. मग हसला, वाईट वाटून. "बघ दादा. एक दिवस नाय टिकला. म्हनून तर बोलतो, हितं काय हाय?"

संपलं. चालू होतं तेव्हा चालू होतं म्हणून नेणार, बंद पडलं तेव्हा बंद पडलं म्हणून. महिपतबाबा चौथऱ्याच्या कडेला बसले आणि उगाच हारातली वाळलेली फुलं काढत राहिले.

दुपारच्या जीपनं निघायचं होतं. येसूबाईंनी पोरीची पिशवी भरली. चढ उतरून सगळे जीपपाशी आलो, सामान आत चढत असताना अक्षदा माझ्यापाशी आली. डोळे सुजलेले.

"सर," ती हळूच म्हणाली, "काल मी लय जोरात दाबत हुते. समद्यांना दाखवताना. म्हनून मोडला ना?"

"नाही," मी म्हणालो. "तू नाही मोडलास."

"खरं?"

"अगदी खरं. शपथ."

खिशातल्या फ्लॉप्या मला बरगडीला टोचत होत्या. काढून दाखवल्या असत्या तर दोन मिनिटांत तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. पण महिपतबाबा चार हातांवर उभे होते, त्यांनी ऐकलं होतं, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. नातीसमोर, मुलासमोर त्यांना चोर ठरवायचं माझ्यानं झालं नाही. मी वाट बघितली, ते स्वतः बोलतील म्हणून. त्यांनी हातातली पिशवी जीपमध्ये ठेवली आणि पुन्हा बाहेर काढली.

अक्षदानं माझ्याकडे, मग आजोबांकडे बघितलं.

"मी नाय मोडला," ती म्हणाली, "मंग मला का पाठवताय?"

जीपवाल्यानं हॉर्न दिला. येसूबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं, वेणीची सुटलेली रिबीन पुन्हा बांधली आणि तिला उचलून सुनीलच्या शेजारी बसवलं.